मालक दूर, ओल जवळ

शेजारचं घर भाड्याने दिलेलं आहे आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, हे मालकाच्या आधी शेजाऱ्याला कळतं. बाथरूमच्या छताला ओल येते, पोपडे सुटतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागतो. बैठ्या घरांच्या वस्तीत आवारातलं गवत कमरेपर्यंत येतं आणि फुटक्या टाकीत पाणी साचतं. पेठेतल्या वाड्यात सामाईक भिंतीला फुगवटा धरतो. तक्रार घेऊन गेलं तर दार उघडणारा म्हणतो, "आम्ही भाड्याने राहतो, मालकांना सांगा." मालक ठाण्यात असतो, बंगळुरात असतो, दुबईत असतो. फोन लागलाच तर "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" असं उत्तर येतं आणि तो आठवडा काही उजाडत नाही.

या विषयावर सोसायटीच्या सभांमध्ये जे बोलणं होतं, ते बहुतेक भाडेकरूंबद्दल असतं. मुलं रात्री जागतात, कचरा जिन्यात ठेवतात, बॅचलर नकोतच. यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात. पण गळणाऱ्या नळ्या, खचलेल्या फरश्या आणि भिंतीत रुजलेली झाडं भाडेकरूंनी आणलेली नसतात. घरात जो राहतो त्याला दुरुस्ती करायचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे तो तिथे राहत नाही. घर नासतं ते या दोघांच्या मधल्या जागेत. म्हणून शेजाऱ्याने भांडायचं कुणाशी, कधी आणि कशाच्या आधारावर, हे नीट पाहायला हवं. कायदे आपल्याकडे कमी नाहीत. मात्र त्यांतले बरेचसे घर पडायला आल्यावर जागे होतात आणि शेजाऱ्याचा त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

जुन्या घरांची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीतल्या पडीक इमारतींचं मूळ तिथे आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या काळात शहरात घरं नव्हती, लोक बेघर होत होते. त्या वेळी हे संरक्षण गरजेचंच होतं. पण गोठवलेलं भाडं पुढे पन्नास वर्षं तसंच राहिलं. सिमेंट, मजुरी, महापालिकेचे कर सगळं वाढलं आणि भाडं जिथल्या तिथे. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, भाडेकरूने पागडीच्या भरवशावर जागा सोडली नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एके काळी योग्य असलेली ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय आहे. पण मूळ आकडाच इतका लहान, की त्यावरच्या चार टक्क्यांत गच्चीचं एक डांबरीकरणही होत नाही.

दुरुस्तीचा भार त्याच्या खूप आधीच सरकारने स्वतःकडे घेतला होता. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ साली मुंबईत इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसला. या उपकरप्राप्त इमारती मुळात १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ तर १९४० पूर्वीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेलं. मंडळाने टेकू लावले, तुळया बदलल्या, हजारो कुटुंबं संक्रमण शिबिरांत हलवली. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. त्याच वर्षी जुलैत घाटकोपरची सिद्धीसाई इमारत पडली, तिथे १७ जणांचा जीव गेला. ही इमारत उपकरप्राप्त नव्हती आणि तिची कहाणीही वेगळी होती. तळमजल्यावरच्या जागेत चाललेलं तोडफोडीचं काम हे तिथे कारण ठरलं. मला या दोन्ही घटनांतली एकच गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. एका इमारतीतल्या एका जागेचं काय चाललंय, हा प्रश्न त्या जागेच्या मालकापुरता कधीच नसतो.

आता नव्या घरांकडे येऊ, कारण आजचे बहुतेक वाचक तिथे राहतात. इथे भाडं गोठलेलं नाही, 'लीव्ह अँड लायसन्स'चा अकरा महिन्यांचा करार आहे, दरवर्षी भाडं वाढतं. मग मालक दुरुस्ती का करत नाही? हिशेब साधा आहे. मोठ्या शहरात फ्लॅटचं वर्षाचं भाडं त्याच्या किमतीच्या जेमतेम काही टक्के असतं. मालकाची खरी कमाई भाड्याची नसते, ती जागेच्या वाढत्या दराची असते. जागा विकताना भाव चौरस फुटाने ठरतो, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगने नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याची नुसती कुणकुण असली, तरी मालक एक रुपया घालायला तयार होत नाही. ओलीचा तोटा त्याच्या वहीत येतच नाही, तो खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या वहीत येतो.

काही मालक तर भाडेकरूच नको म्हणून घर कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशभरच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली, एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. दोन भाडेकरूंच्या मधले असे रिकामे महिने शेजाऱ्याला सर्वांत जड जातात. नळ किंचित उघडा राहिला तरी बघायला कुणी नाही आणि किल्ली दुसऱ्या गावात.

पुण्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी हे फार जवळून पाहिलं. वरच्या फ्लॅटमध्ये चार इंजिनिअरिंगची मुलं भाड्याने राहत होती. काकूंच्या न्हाणीघराच्या छताला मोठा डाग, मधोमध प्लास्टर सुटून सळई उघडी पडलेली. गंजलेली सळई फुगते आणि आजूबाजूचं काँक्रीट ढकलत जाते, त्यामुळे असा डाग रंगाच्या हाताने झाकणं म्हणजे दुखणं वाढवणं. प्लंबर आला. त्याने वरच्या न्हाणीचा ट्रॅप कापडाने घट्ट बंद केला, फरशीवर दोन बोटं पाणी कोंडलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवली. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर कडेकडेने निळसर रेघ उमटली. सोसायटीत आठ महिने चाललेला "गळतंय वरून की बाहेरच्या पाइपातून" हा वाद त्या रेघेने संपवला.

काकू वर गेल्या त्या तावातावाने. मुलांतल्या एकाने मोबाइल पुढे केला. "काकू, ही फरशी आम्ही आलो तेव्हापासून हलतेय. मालकांना फोटो पाठवलेत, हे बघा." एकामागून एक फोटो, प्रत्येकावर तारीख, खाली निळ्या खुणा आणि उत्तर काहीच नाही. ट्रॅपच्या कडेचं सिमेंट गेलं होतं म्हणून मुलं बादलीत उभं राहून अंघोळ करत होती, पाणी कमी सांडावं म्हणून. ज्यांना काकू इतके दिवस दोष देत होत्या, त्यांच्याकडेच मालकाविरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावा निघाला. सोसायटीच्या नोटिशीसोबत तेच फोटो जोडले गेले आणि काम झालं. शेवटी मालकाने तो खर्च मुलांच्या डिपॉझिटमधून कापायचा प्रयत्न केला, तेव्हा काकू मुलांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

भाडेकरूला सोबत घ्यावं, हे मी नुसत्या भलेपणापोटी म्हणत नाही, त्याला कायद्याचाही आधार आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्यायोग्य, दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. अडचण अशी, की आजचे अकरा महिन्यांचे परवानाधारक आणि जुन्या अर्थाचे भाडेकरू यांत कायदा फरक करतो. लायसन्सवर राहणाऱ्याला करारात लिहिलेलं असेल तेवढंच हाताशी असतं. आणि छापील करारांत बहुधा "किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करावी" एवढं एकच वाक्य सापडतं. न्हाणीचा ट्रॅप किरकोळ की मोठा, हे ते वाक्य सांगत नाही.

केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात या बाबतीत एक उपयोगाची गोष्ट आहे. त्याच्या परिशिष्टात कामांची सरळ विभागणी केली आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, नळ्या बदलणं, विजेचं वायरिंग, भिंतींचा रंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, गटार साफ करणं, स्विच, दाराच्या कड्या, खिडक्यांच्या काचा हे भाडेकरूकडे. राज्यांनी तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांवर सोडलेलं आहे आणि महाराष्ट्रातला व्यवहार अजून १९९९ च्याच कायद्यावर चालतो. पण ही विभागणी आपल्या करारात उतरवून घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

सोसायटीच्या हातात काय आहे? समजतात त्यापेक्षा पुष्कळ. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ्या यांतून येणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची, आणि फ्लॅटच्या आतली ज्याची त्याने, ही आदर्श उपविधींतली मूळ विभागणी आहे. "हे तुमचं दोघांचं, आपसात मिटवा" असं म्हणून समिती मोकळी होते ती बहुधा या दुसऱ्या भागावर बोट ठेवून. तिथेच ती चुकते. आगाऊ सूचना देऊन फ्लॅटची तपासणी करण्याचा अधिकार उपविधींनी सचिवाला दिलेला आहे. सभासदाच्या खर्चाने करायची दुरुस्ती असेल तर तशी नोटीस त्याला द्यायची, मुदतीत काम झालं नाही तर करून घेऊन खर्च वसूल करायचा, हा मार्ग त्यात आहे. आपल्या संस्थेने नोंदवलेल्या उपविधींत तो नेमका कसा लिहिलाय, ते एकदा वाचून घ्यावं. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला, की थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. दुबईतल्या मालकाला फोनपेक्षा हा कागद लवकर पोचतो.

भाड्याने घर देण्यावर बंदी घालणं किंवा बॅचलरांना नाकारणं हा मात्र सोसायटीचा अधिकार नाही. मालकाने करार नोंदवून त्याची प्रत द्यायची आणि सोसायटीला कळवायचं, पूर्वपरवानगीची गरज नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. घर भाड्याने दिलं की आकारलं जाणारं बिगर-वापर शुल्कही सोसायटीला हवं तेवढं लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर आणलं आणि आईवडील, भावंडं, मुलं अशा जवळच्या नात्यांना त्यातून वगळलं. मला ही मर्यादा योग्यच वाटते. शुल्क वाढवून मालक जबाबदार होत नाही, तो ते भाड्यात मिळवून घेतो.

घर बैठं असेल किंवा शेजारी वेगळ्या प्लॉटवर असेल, तर सोसायटी उपयोगाची नाही. तिथे महापालिका. डासांची तक्रार सर्वांत लवकर ऐकली जाते आणि त्यामागे चांगलं कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही, बहुधा काहीशे मीटरांच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या घरात एडिस असेल तर त्याचं जन्मस्थान तुमच्याच गल्लीत आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी कोरड्या टाकीच्या कडेला महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, शेजारच्या बंद आवारातल्या टायर-टाक्यांचा फोटो काढून कीटकनाशक विभागाकडे तक्रार नोंदवलेली बरी. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागतो.

भिंतीतल्या पिंपळाकडे लोक फार उशिरा बघतात. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येतं, पन्हळीच्या फटीत रुजतं, पहिल्या पावसाळ्यात दोन पानं दिसतात. तेव्हा ते बोटांनी उपटता येतं. चार पावसाळ्यांनी मूळ विटांच्या सांध्यात शिरलेलं असतं आणि वरून कापलं तर पुन्हा फुटतं. मग कापायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने. शिवाय पिंपळ म्हटलं की हात लावायला घरातली वडीलधारी तयार नसतात. पुण्याच्या पेठांमधल्या कित्येक सामाईक भिंती अशा गेल्या आहेत. भाडेकरू वाड्यात तीन पिढ्या राहतो, वारसदार अकरा जण अकरा गावांत, आणि पिंपळ मधल्या भिंतीत.

घर धोकादायक झाल्यावर मात्र पालिकेचे अधिकार मोठे आहेत. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस, इतर महापालिकांत १९४९ च्या अधिनियमाची कलमं २६४ आणि २६८. पालिकेच्या वर्गवारीत इमारत सी-१ ठरली तर रिकामी करून पाडायची, सी-२ए असेल तर रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी असेल तर माणसं न हलवता मजबुतीकरण, सी-३ म्हणजे किरकोळ कामं. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. शेजाऱ्याने लेखी मागणी केली तर पालिकेला त्याची दखल घ्यावी लागते. पण या नोटिशीला भाडेकरू घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. कधी कधी मालकच इमारत मोडू देतो, सी-१ करून घेतो आणि घर रिकामं करून मागतो. अशा इमारतीविरुद्ध तक्रार देणाऱ्या शेजाऱ्याने आधी आतल्या कुटुंबांशी बोलावं. त्यांचा भाडेकरू म्हणून हक्क इमारत पडल्याने आपोआप संपत नाही, पण तो कागदावर नोंदवून घेतला नाही तर पुढे सिद्ध करता करता वर्षं जातात.

पालिका हलत नसेल तर कार्यकारी दंडाधिकारी आहेत. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा, पडायला आलेली इमारत दुरुस्त करण्याचा किंवा काढण्याचा सशर्त आदेश प्रांत किंवा तहसीलदार देऊ शकतात. या कलमाला बळ दिलं ते १९८० च्या रतलाम नगरपालिका खटल्याने. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे ठणकावून सांगितलं, की पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही, गटार साफ झालंच पाहिजे. लोकांना हा मार्ग फारसा माहीत नाही आणि वकीलही क्वचितच सुचवतात. एकट्याच्या ओलीसाठी तो चालणार नाही, पण गल्लीभर त्रास देणाऱ्या घरासाठी दिवाणी दाव्यापेक्षा तो नक्कीच हातात घ्यावा असा आहे.

दिवाणी न्यायालय शेवटचं. नुकसानभरपाई, मनाई हुकूम आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर, हे सगळं तिथे मागता येतं. कमिशनरचा अहवाल आला की अर्ध्याहून अधिक प्रकरणं तडजोडीला येतात, असं वकील सांगतात. सहकारी संस्थेतल्या सभासदांचा वाद असेल तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. कुठे जायचं ते वकिलाला विचारूनच ठरवावं, चुकीच्या दारात दोन वर्षं जाऊ शकतात.

त्याआधी मालक शोधणं. फ्लॅटची नोंद इंडेक्स टू मध्ये असते, गावठाण आणि शहरी जमिनीची मालमत्ता पत्रकावर, शेतातल्या घराची सातबाऱ्यावर, आणि कराचं बिल कुणाच्या नावाने येतं ते पालिकेत कळतं. मालक परदेशी असेल तर मुखत्यारपत्र कुणाकडे आहे ते विचारावं. पत्र पोचपावती मिळेल अशा टपालानेच पाठवावं, फोनवरचं बोलणं मोजू नये.

सर्वांत बिकट स्थिती मात्र सोसायटीत नाही, पेठेतही नाही. चाकण, तळेगाव, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत गावच्या माणसांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या आहेत. दहा बाय दहाची खोली, त्यात चार-सहा माणसं, ओळीला दोन संडास. सेप्टिक टाकी भरली की पाणी शेजारच्या वावरात किंवा विहिरीच्या दिशेने जातं. मालक गावातलाच, कधी पंचायतीतलाच असतो, त्यामुळे तक्रार करणाऱ्याची पंचाईत. कामगार परप्रांतीय, मतदार नाही, बोलत नाही. २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आहे, तिच्या समितीपुढे असे वाद न्यावेत, पण खोलीमालकच गावातला वजनदार माणूस असेल तर समितीकडून फार अपेक्षा नको. तिथे आरोग्य विभागाकडे विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला द्यावा. दूषित पाण्याचा अहवाल हातात आला की प्रश्न शेजाऱ्याच्या भांडणाचा राहत नाही, तो साथीचा होतो आणि ग्रामपंचायतीला उत्तर द्यावं लागतं.

शहरातल्या सोसायट्यांना मात्र यंदाच एक गोष्ट करता येईल. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घालावा. भाड्याने दिलेला फ्लॅट भाडेकरू बदलताना रिकामा होईल तेव्हा सचिव, समितीचा एक सदस्य आणि संस्थेचा प्लंबर मालकाला आगाऊ कळवून पाहणी करतील. न्हाणी आणि मोरी बंद करून चोवीस तास पाणी कोंडून बघतील. दोष निघाल्यास लेखी यादी मालकाला आणि खालच्या मजल्यावरच्या सभासदाला देतील. बंद फ्लॅटची एक किल्ली किंवा गावातल्या एका जबाबदार माणसाचा फोन संस्थेकडे राहील. नव्या करारात मोठी आणि किरकोळ दुरुस्ती कोणाकडे, याची यादी जोडावी, अशी शिफारस मालकांना करतील. मुखत्यार किंवा नातेवाईक सोडून एजंटाशी पत्रव्यवहार करणार नाहीत. ठराव मांडायला सूचक-अनुमोदक लागतात. एक खालच्या मजल्यावरचा असावा, दुसरा शक्यतो घर भाड्याने दिलेला सभासद असावा, आणि त्याला सभेच्या आधी भेटून हे समजावून सांगावं.